डब्यात राहिलेले

रविवार, ४ जून

ताई,

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पत्र उघडायला तुला जड जाणार नाही. मला फक्त एक चित्र हवं आहे.

मित्रांनी छप्पर उचकटून खाली सोडलेला लुळा माणूस तुला आठवत असेल. त्याचं आडवं चित्र आहे, उभं हरवलं. तपकिरी अंगरखा, काखेत गुंडाळलेलं अंथरूण, आणि दुसऱ्याचं बक्षीस चुकून आपल्याला मिळाल्यासारखा चेहरा. तसाच पुन्हा काढून देशील का?

डबा तोच आहे, बिस्किटांचा. झाकणावरचं जहाज आता निम्मं पुसलं गेलं आहे. फ्लॅनेलचा फळाही तोच. तू चित्रांच्या पाठीला चिकटवलेले फ्लॅनेलचे तुकडे अजून पक्के आहेत, फळ्याला लावलं की चित्र हलत नाही. प्रत्येक आजाऱ्याची दोन चित्रं, एक आधीचं, एक नंतरचं. तू शिकवलंस तसंच करते. मुलांना डोळे मिटायला सांगायचं, डाव्या हाताने आडवा काढायचा, उजव्या हाताने उभा लावायचा. "उघडा आता." दर वेळी वर्गात एकच आवाज होतो, आनंदाचा.

मी तुझा संडे स्कूलचा वर्ग घेते हे तुला आवडत नाही, ठाऊक आहे. "ज्या डब्याने माझ्या लेकीला फसवलं तोच तू उचललास," असं तू जाताना लिहून ठेवलं होतंस. त्यावर मी वाद घालणार नाही. वर्गही सोडणार नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी मुलांची उपासना आहे. माझी मुलं सगळ्या मंडळीसमोर फळ्यावर गोष्ट सांगणार. अधीक्षकबाईंनी छपराचीच गोष्ट नेमून दिली आहे. उभा माणूस नसेल तर तो बिचारा दोरीला लटकूनच राहील. मी स्वतः एक काढून पाहिला. मुलं म्हणाली, "बाई, हा बटाटा कोण?"

चष्म्याचं दुकान चालू आहे. ती आंधळ्याची गोष्ट मला हल्ली फार आवडते. पहिल्या खेपेला त्याला माणसं झाडांसारखी दिसतात, येशू विचारतो काही दिसतंय का, आणि पुन्हा हात लावतो. मी दिवसभर तेच करते. "आता? आणि आता?" फरक इतकाच की त्याला दुसऱ्या खेपेला जमलं.

चित्र जमलं तर पाठव.

धाकटी


मंगळवार, १३ जून

ताई,

उभा माणूस हरवला असं मी लिहिलं होतं. तो कुठे आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. आता सगळं सांगते.

वर्गात एक मुलगी आहे, पुढचे दोन दात पडलेली. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो. तिचं तोंड बंद असतं तेव्हा ती पुढचा प्रश्न जुळवत असते. तिचे बाबा वायरमन. मागच्या वर्षी खांबावरून पडले. कमरेखाली काही हलत नाही, आणि हलणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे. ते खुर्चीवर असतात, चाकांच्या. घरीच टेबलाशी बसून पंखे दुरुस्त करतात.

छपराची गोष्ट सांगितली त्या दिवशी वकीलबाईने डोळे मिटले नाहीत. बोटांच्या फटीतून बघत होती, मला दिसलं. वर्ग सुटल्यावर ती मागे राहिली आणि तिने डबा उघडला.

"बाई, हा तर इथेच आहे."

"कोण गं?"

"आडवा. हा बरा झालाच नाही. तुम्ही दुसराच माणूस आणलात."

"अगं, दोघं एकच. हा आधीचा, तो नंतरचा."

"एकच आहे तर दोन कसे?"

मी काही बोलायच्या आत तिने डबा उपडा केला. आंधळा, कुष्ठाचे दहा जण, कुबडी बाई, तापाने फणफणलेली म्हातारी. एकेकाला उचलून तिने टेबलावर मांडलं.

"हे सगळे अजून आजारीच आहेत," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, जणू हे आमचं दोघींचंच असल्यासारखं, "माझ्या बाबांचा उभा कुठे ठेवलाय?"

मी म्हटलं, "उशीर झाला, आई वाट बघत असेल."

पुढच्या रविवारी उभा डब्यात नव्हता.

परवा तिच्या बाबांचा जवळचा चष्मा तयार झाला. दुकानातला पोऱ्या न पाठवता मी स्वतः घेऊन गेले. नाकावर बसवताना पाहिलं, भुवईवर टेंगूळ होतं, काळंनिळं.

"हे काय?"

"कपाट लागलं."

"बसल्या बसल्या?"

ते हसले. मग उशीखालून उभा माणूस काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "हा सापडला, बाई. आमच्या हिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, परका पुरुष अंथरुणात, आणि तोही तुमच्यापेक्षा धडधाकट."

मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले.

"पोरगी रोज सकाळी येते," ते म्हणाले. "खुर्चीसमोर उभी राहते आणि डोळे गच्च मिटून घेते. म्हणते, त्या दिवशी वर्गात मी डोळे उघडे ठेवले म्हणून तुमचं झालं नाही. आता नाही उघडणार, उठा. मग उभीच राहते. मी उठल्याचा आवाज येईपर्यंत. शाळेची वेळ होते, आई ओढून नेते, तरी डोळे मिटलेले. दाराला धडकते."

"आणि हे टेंगूळ?"

"टेबलाला धरून एकदा करून बघितलं. पोरगी समोर उभी असल्यावर माणूस काहीही करून बघतो."

चित्र मी परत घेतलं नाही. पुन्हा उशीखाली ठेवायला सांगितलं. काय करायचं ते ठरेपर्यंत ते तिच्याकडेच असू दे.

धाकटी


गुरुवार, २२ जून

ताई,

उभा माणूस काढू नकोस. आता तो नको.

काल अधीक्षकबाईंकडे गेले होते. त्या तशाच आहेत, खडूचा डाग नसलेली मुख्याध्यापिका. त्यांचं सगळं ठरलं आहे. मुलांनी गोष्ट सांगायची, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं की विश्वास असेल तो बरा होतो, मग वायरमनला पुढे आणायचं आणि मंडळीने हात ठेवून प्रार्थना करायची. लेकीसमोर.

"आणि ते उठले नाहीत तर?" मी विचारलं.

"आधीच असं म्हणायचं नसतं."

हेच वाक्य, ताई. तुझ्या घरी, तुझ्या भिंगरीच्या खाटेशी, याच आवाजात. तू कप आवरत होतीस. आणि नंतर, ती गेल्यावर, दारात चपला घालता घालता, "कुठेतरी कमी पडलं असेल गं." त्या वाईट नाहीत. रात्ररात्र त्या तिच्याजवळ बसल्या होत्या, हे तूही विसरली नसशील. पण ते वाक्य त्यांनी तुझ्या घरात ठेवलं आणि त्या निघून गेल्या.

मी म्हटलं, "ती ओळ माझी मुलं म्हणणार नाहीत."

"मग वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"द्या. तोवर तो माझा आहे. आणि गोष्टही मी बदलते आहे. तळ्याची सांगणार."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं करण्याचीच हवी."

"बरं करण्याचीच आहे."

तळ्याची गोष्ट तू कधी शिकवली नाहीस. डब्यात तिची वेगळी चित्रं नाहीत, आणि मग लक्षात आलं की लागणारही नाहीत. तळ्याकाठी आजाऱ्यांची गर्दी पडलेली असते, आंधळे, पांगळे, लुळे. येशू येतो, त्यांतल्या एकाला उठवतो आणि गर्दीतून निघून जातो. बाकीच्यांबद्दल पुढे एक अक्षर नाही. तुझ्या डब्यातले सगळे आडवे मला त्या काठावर हवे आहेत.

मी अजून विश्वास ठेवते हे तुला खटकतं. त्याने एकालाच का उठवलं, मला माहीत नाही. म्हणून त्याने कुणाला उठवलंच नाही असं मी म्हणणार नाही. आणि बाकीचे तिथे नव्हतेच असंही म्हणणार नाही. मुलांना दोन्ही सांगणार. जमेल का, बघू.

आणखी एक. डब्याच्या तळाशी ती निजलेली मुलगी आहे, लोक मेली म्हणत होते आणि येशूने उठवली ती. तिची जोडी तू नेलीस, उठून बसलेली, हातात पाव धरलेली. निजलेली इथेच राहिली. तिच्या पाठीचं फ्लॅनेल कोरं आहे, म्हणजे तू तिला एकदाही फळ्यावर लावलं नाहीस. खाटेशी बसून काढली होतीस, आणि ती वेणी कुणाची आहे ते मला कळतं.

तळ्याकाठी तिलाही लावायची आहे. नको असेल तर कळव. काही कळवलं नाहीस तर लावीन.

धाकटी


शनिवार, १ जुलै

ताई,

तुझं काही आलं नाही.

आधी वकीलबाईच्या आईबाबांना विचारलं, तिला खरं सांगू का. आई म्हणाली, "तुम्हीच सांगा. आम्ही सांगितलं की ती म्हणते, तुम्हाला काय माहीत, तुम्ही काय संडे स्कूलच्या बाई आहात का?"

मग वर्गात मी मुलांना म्हटलं, आज डोळे मिटायचे नाहीत. आंधळा घेतला. डावा हात, उजवा हात, सगळ्यांसमोर, सावकाश.

"हॅ! हे तर सोप्पं आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"सोपंच आहे. ही माझी हातचलाखी. चित्र बदलायची. येशूने अशी चित्रं बदलली नाहीत. त्याने केलं ते मला करता येत नाही, म्हणून मी चित्रं लावते."

"म्हणजे तुम्ही आम्हाला गंडवत होता?"

"हो."

त्यांना ते फार आवडलं. प्रत्येकाला गंडवायची पाळी हवी होती. अर्धा तास आंधळ्याला दिसत होतं आणि दिसेनासं होत होतं.

वकीलबाई रांगेत नव्हती. वर्ग सुटल्यावर आली.

"म्हणजे डोळे मिटले नाहीत तरी चालतं?"

"चालतं. उघडे होते म्हणून काही बिघडलं नाही. तुझ्यामुळे काहीच बिघडलं नाही."

"मग बाबा?"

मी खाली बसले, तिच्या उंचीला. "बाबांचे पाय बरे होणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. मी येशूकडे रोज मागते. त्याने मला काही सांगितलेलं नाही."

"म्हणजे तो उभा बाबांचा नाहीच?"

"नाही. तो गोष्टीतल्या माणसाचा."

"आणि बाबांचा?"

"कुणी काढलेलाच नाही."

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं, दात पडले त्या जागेवर जीभ फिरवली. मग डब्याचं झाकण लावायला लागली. ते नेहमी अडतं, तुला माहीत आहे. दोघींनी मिळून दाबलं.

घरी जाऊन ती रडली. बाबांच्या मांडीवर, तिला झोप लागेपर्यंत. त्यांनी सांगितलं. म्हणाले, "बाई, मांडीला काही कळत नाही, पण शर्ट ओला झाला तेव्हा कळलं."

मी बरोबर केलं का, असं मी तुला विचारत नाही. पुन्हा करावं लागलं तर हेच करीन.

धाकटी


रविवार, ९ जुलै

ताई,

झालं.

दुकानातली काचा पुसायची निळी फडकी जोडून तळं शिवलं होतं. फळ्याच्या मध्ये ते, आणि भोवती सगळे आडवे. एकेका मुलाने एकेक आजारी आणून लावला. बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण एकाने म्हातारी लावली आणि मंडळीला सांगितलं, "हिला उलट्या पण होतात." लोक हसले. कुबडी बाई अगदी डावीकडे गेली, जागाच उरली नव्हती. निजलेली मुलगी मी स्वतः लावली, पाण्याच्या जवळ. ती पहिल्याच दाबात चिकटली.

वायरमन वाटेच्या कडेला, खुर्चीवर. नवा चष्मा लावून. अधीक्षकबाई पहिल्या बाकावर.

मी मंडळीला म्हटलं, "आज डोळे उघडे ठेवा." वकीलबाईने फ्रॉकच्या खिशातून उभा माणूस काढला. इतके दिवस उशीखाली राहून तो जरा वाकला होता. तिने त्याला तळ्याकाठी लावलं आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "येशूने त्याला बरं केलं." आता गाणं होतं. पेटीवर सूरही लागला.

ती जागची हलली नाही. फळ्याकडे बघत होती.

"आणि बाकीचे?"

मी हात वर केला, सूर थांबला.

"त्यांचं लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"पण झालं काय त्यांचं?"

"मला माहीत नाही."

"अधीक्षकबाईंना माहीत आहे?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. ताई, मला त्यांची कीव आली, खरंच. त्या उठून उभ्या राहिल्या, मुख्याध्यापिकेला प्रश्न विचारला की उठावंच लागतं तशा. तोंड उघडलं. फळ्याकडे पाहिलं, आणि त्यांची नजर पाण्याजवळच्या वेणीवर थांबली. त्यांनीही ती कितीतरी वेळा घातली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मलाही माहीत नाही, बाळ." आणि खाली बसल्या.

"ही कोण?" वकीलबाईने निजलेलीवर बोट ठेवलं.

"माझी भाची," मी म्हटलं. चर्चमध्ये इतक्या वर्षांत तिचं नाव कुणी काढलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मग नावही सांगितलं. भिंगरी. का म्हणायचे तेही सांगितलं, की ती एका जागी ठरायची नाही.

वकीलबाईने विचार केला. "मग यांना आता डब्यात नका ठेवू. अंधार असतो."

गाणं झालं. प्रार्थना झाली. मंडळी वायरमनभोवती जमली तेव्हा त्यांनी हात वर केला. "प्रार्थना जरूर करा. मला हवी आहे. फक्त उठायला सांगू नका. आणि दाराशी एक उतार करून घ्या, माझं चाक दर वेळी पायरीला अडतं." लोकांनी हात ठेवले. बसलेल्या माणसावर हात ठेवायला वाकावं लागतं. वकीलबाईने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. डोळे उघडे होते, ती एकेकाचा चेहरा बघत होती, कोण मिटतंय आणि कोण नाही.

नंतर अधीक्षकबाई फळ्याशी आल्या.

"हे आवरून ठेव आता."

"नाही."

"समिती विचारील."

"विचारू दे. मी सांगीन."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खिडकीपासून जरा दूर घे फळा. उन्हाने रंग उडतील," आणि गेल्या. पुढे काय करतील, सांगता येत नाही. वर्ग काढूनही घेतील. पुढच्या रविवारी मी तिथे असणार. कुलूप असलं तर पायरीवर बसवीन मुलांना.

वकीलबाई अजून रोज सकाळी बाबांच्या खुर्चीसमोर येते. काल विचारलं म्हणे, "चष्मा कुठे टाकलात?" आणि शोधून दिला.

धाकटी


गुरुवार, २० जुलै

धाकटे,

पत्रं मिळाली. सगळी.

खुर्ची बाजूने कशी दिसते ते लिही. हात टेकायला दांडे आहेत का. मागचं चाक मोठं आहे की दोन्ही सारखी. माणूस जाडा की बारीक. चष्म्याचा घाट तुला ठाऊक असेलच. बसलेला काढून देते. उभा मागू नकोस.

कुबड्या बाईला डावीकडे लावलंस. तिचं तोंड डावीकडेच आहे. इतके दिवस ती फळ्याबाहेर बघत असेल. तिला उजवीकडे घे.

वाकलेल्या उभ्याला ओल्या फडक्याखाली ठेवून वर जड पुस्तक ठेव. इस्त्री करू नकोस, डिंक सुटेल.

मी तिथे परत येणार नाही. त्या मुलीने विचारलं तर खरं ते सांग.

पाव धरलेली माझ्याकडे राहील.

निजलेलीला डब्यात ठेवू नकोस.

ताई